सव्विसावा कॉल

दोन मेगाबिटच्या लीज्ड लाइनवर पंचवीस जण बोलत असतात आणि सगळ्यांचे आवाज स्वच्छ येत असतात. तेवढ्यात सव्विसावा फोन लागतो आणि सव्वीसच्या सव्वीस जणांचे आवाज तुटायला लागतात. उशिरा आलेल्या एकट्याची गैरसोय झाली असती, तर समजण्यासारखं होतं. इथे आधीपासून सुरळीत चाललेली पंचवीस संभाषणंही बिघडतात. त्या सव्विसाव्याला ‘आत्ता जागा नाही’ असं वेळेवर सांगायचं कोणी? पुण्यातल्या एका नेटवर्क इंजिनिअरची उमेदीची वर्षं या प्रश्नाशी झगडण्यात गेली आहेत.

यातला हिशेब साधा आहे. जी.७२९ नावाच्या कोडेकमध्ये माणसाचा आवाज ८ किलोबिटमध्ये बसतो. पण तो दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं करून पाठवावा लागतो. प्रत्येक पॅकेटात आवाज २० बाइटांचा आणि पत्ता, क्रमांक वगैरे मजकूर ४० बाइटांचा. लाइनचा स्वतःचा वरखर्च धरला, की एक कॉल सुमारे २७ किलोबिट खातो. दोन मेगाबिटची लाइन खरं तर २०४८ किलोबिटची. तिचा शेकडा ३३ भाग आवाजासाठी राखायचा आणि उरलेला फाइली, मेल, डेटाबेस यांना सोडायचा, ही त्या काळातली रूढ पद्धत. म्हणजे आवाजाच्या वाट्याला आले साधारण ६७६ किलोबिट. पंचवीस कॉलना ६७० लागतात, ते मावतात. सव्वीस कॉलना ६९७ लागतात, ते मावत नाहीत. लाइन भरलेली असेल, तर राउटर जास्तीची पॅकेटं टाकून देतो, शंभरातली तीनेक. ती कोणाच्या कॉलची आहेत, हे तो पाहत नाही.

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या एका सपोर्ट सेंटरमध्ये त्या इंजिनिअरनं हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. साल २००५-०६ च्या आसपासचं. संध्याकाळचे साडेसात वाजून गेले होते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऑफिसं उघडत होती. टीम लीड घाईघाईनं सर्व्हर रूमच्या दारात आला.

“मॅडम, एकाचा नाही, सगळ्यांचाच आवाज रोबोटसारखा येतोय.”

ती राउटरच्या कन्सोलसमोर बसली. प्रायॉरिटी क्यूच्या, म्हणजे आवाजाच्या रांगेच्या, ओळीत ड्रॉप्सचा, म्हणजे टाकून दिलेल्या पॅकेटांचा, आकडा होता. तीच कमांड तिनं पुन्हा दिली, आकडा वाढला होता. पुन्हा दिली, आणखी वाढला. मग कुठल्याशा एजंटनं आपला कॉल संपवला आणि आकडा जागच्या जागी थांबला. फ्लोअरवरचा गलकाही ओसरला. कोणी काहीही दुरुस्त केलं नव्हतं. कॉल पंचविसावर आले होते, इतकंच.

अशा ठिकाणी मिलिसेकंदांनाही किंमत असते. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. पुण्याला समुद्र नाही. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतात. पुणे ते मुंबई हे दीडशे किलोमीटर प्रकाश एका मिलिसेकंदाच्या आत कापतो. पण मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर अगदी सरळ मोजलं, तरी साडेबारा हजार किलोमीटर भरतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूचे साठ-बासष्ट मिलिसेकंद निसर्गानंच कापून घेतलेले. केबल वळसे घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून बरेच जास्त. त्यात दोन मेगाबिटच्या लाइनवर १५०० बाइटांचं एक जाडजूड पॅकेट बाहेर पडायला जवळपास सहा मिलिसेकंद घेतं. आवाजाच्या पॅकेटापुढे अशी चार-पाच रांगेत उभी असली, की उरलीसुरली सवलतही संपते. म्हणून आवाजाला वेगळी रांग आणि रांगेत पहिला मान द्यावा लागतो. आणि तो मान मोजूनमापून द्यावा लागतो.

हा विषय तिला नवा नव्हता. गणेशखिंडीतल्या सी-डॅकचा डिप्लोमा करून ती बाहेर पडली, तेव्हा पुण्यात राउटर बनवणाऱ्यांसाठी प्रोटोकॉलची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्या होत्या. सी-डॅक १९८८ ची. तिथल्या मंडळींनी १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्या वातावरणात वाढलेल्या मुलामुलींना प्रोटोकॉल वाचण्यात रस असे. पहिल्याच नोकरीत तिच्या वाट्याला आरएसव्हीपीचं टेस्टिंग आलं.

आरएसव्हीपी म्हणजे नेटवर्कमध्ये वाटेवरची जागा आधी राखून ठेवण्याचा प्रोटोकॉल. लिक्सिया झांग, स्टीफन डीअरिंग, डेबोरा एस्ट्रिन, स्कॉट शेंकर आणि डॅनियल झप्पाला यांनी तो १९९३ मध्ये मांडला. सप्टेंबर १९९७ मध्ये आरएफसी २२०५ म्हणून तो प्रमाणित झाला. पाठवणारा ‘पाथ’ नावाचा निरोप धाडतो. तो वाटेतल्या प्रत्येक राउटरवर आपली खूण सोडत पलीकडे पोचतो. घेणारा उलट दिशेनं ‘रेझव्ह’ पाठवतो आणि तो त्याच वाटेनं, राउटरमागून राउटर, जागा मागत परत येतो. कुठल्याही एका राउटरकडे जागा नसेल, तर तो तिथेच नाही म्हणतो.

पुणेकराला हे चटकन समजावं म्हणून ती ग्रीन कॉरिडॉरचं उदाहरण देते. अवयवदानाच्या वेळी हृदय किंवा यकृत एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे न्यायचं असलं, की वाहतूक पोलिसांना आधी वाट कळवली जाते, चौकाचौकात माणूस उभा राहतो आणि गाडी येण्याआधी रस्ता मोकळा झालेला असतो. ही झाली आरक्षणाची पद्धत. दुसरी पद्धत सायरनची. कोणाला काही कळवायचं नाही. गाडीवर दिवा लावायचा आणि ज्याला दिसेल तो बाजूला होईल यावर भरवसा ठेवायचा. रस्त्यावर एकच रुग्णवाहिका असेल, तर सायरन पुरतो.

मग कॉरिडॉर सगळ्यांनाच का देत नाहीत? याचं उत्तर तिला पहिल्या नोकरीतच, पॅकेट कॅप्चरच्या पडद्यावर मिळालं. आरएसव्हीपीनं केलेलं आरक्षण कायमचं नसतं. ते टिकवायचं, तर पाथ आणि रेझव्ह हे दोन्ही निरोप साधारण दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवावे लागतात. सगळे राउटर एकदमच बोलू लागू नयेत म्हणून ही वेळ १५ ते ४५ सेकंदांत हेतुतः मागेपुढे केली जाते. निरोप येईनासा झाला, की ठरावीक वेळानं, नेहमीच्या मांडणीत १५७.५ सेकंदांनी, राउटर ती जागा सोडून देतो. या रचनेतलं शहाणपण तिला पहिल्यापासून भावलं. वाटेतला राउटर बंद पडला, कॉल करणारा अचानक नाहीसा झाला, तरी कोणी येऊन साफसफाई करायची गरज नाही.

पण याची किंमत राउटरनं मोजायची असते. एखाद्या राउटरमधून १०,००० कॉल जात असतील, तर दर अर्ध्या मिनिटाला २०,००० निरोप झाले, सेकंदाला साडेसहाशेहून जास्त. तेही काहीही नवं न सांगणारे, नुसतं ‘अजून आहे, अजून आहे’ म्हणणारे. शिवाय प्रत्येक कॉलची नोंद स्मरणात ठेवायची. त्यात हे निरोप पोचल्याची पोच मिळत नसे. ‘कॉल संपला, जागा सोडा’ हाच निरोप वाटेत हरवला, तर मुदत संपेपर्यंत जागा विनाकारण अडून राहायची. टेस्ट बेंचवर कॉलची संख्या वाढवत नेली, की राउटरचा प्रोसेसर कसा दमत जातो, याचे आलेख काढून देणं हेच तिचं काम होतं.

म्हणूनच त्या काळात जगभर हलक्या सिग्नलिंगचा शोध चालू होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पिंग पॅन आणि हेनिंग शुल्झरिन यांनी १९९८ मध्ये ‘येसर’ मांडला. आवाज-चित्राच्या प्रवाहासोबत आरटीसीपीचे अहवाल तसेही अधूनमधून जातच असतात. जागेची मागणी त्यांच्यावरच बसवून द्या, वेगळी यंत्रणा कशाला, असा त्यांचा विचार. पुढच्याच वर्षी बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठातल्या गाबोर फेहेर आणि सहकाऱ्यांनी ‘बूमरँग’ आणला. त्यात एकच निरोप जातो, वाटेतल्या राउटरांकडे जागा मागतो आणि पलीकडून परत येतो, तोही पिंगच्या, म्हणजे ‘आहेस का?’ असं यंत्राला विचारणाऱ्या साध्या निरोपाच्या, वेषात. पिंगला उत्तर द्यायला कुठलाही संगणक तयार असतो. त्यामुळे पलीकडच्या यंत्राला बूमरँग माहीत असण्याचीही गरज नाही.

हे दोन्ही शोधनिबंध तिनं प्रिंट काढून, पेन्सिलीनं खुणा करत वाचले. त्यातली काटकसर तिला फार आवडली. आधीच चाललेल्या निरोपाच्या पाठीवर आपलं काम टाकायचं, वाटेतल्या राउटरला कमीत कमी लक्षात ठेवायला लावायचं, जमलं तर एका फेरीत उरकायचं. ऑफिस सुटल्यावर जुने पीसी जोडून, त्यांवर लिनक्स टाकून, त्यांचेच राउटर करून तिनं आणि तिच्या एका सहकाऱ्यानं एका फेरीतल्या आरक्षणाचे प्रयोग केले. हलका निरोप मिलिसेकंदांत परत यायचा आणि हो की नाही ते सांगायचा. कॉल लागण्याआधी! त्या उत्तराचं अप्रूप तिला आजही आहे.

दरम्यान, आरएसव्हीपीचंही वजन उतरवण्याचं काम चालू होतं. एप्रिल २००१ च्या आरएफसी २९६१ नं शेकडो आरक्षणांची आठवण एकाच निरोपात गोळा करून पाठवायची सोय केली आणि पोचपावतीही आणली. त्याच वर्षी आरएफसी ३१७५ नं बऱ्याच आरक्षणांची मोट बांधून मोठ्या नेटवर्कच्या पोटातून एकच आरक्षण न्यायचा मार्ग दाखवला. पुढे एनएसआयएस या कार्यगटानं सगळ्याचा नव्यानं विचार केला. त्याचे मुख्य दस्तऐवज २०१० मध्ये ‘प्रायोगिक’ असा शिक्का घेऊन आले, पण त्यांचा प्रसार झाला नाही. येसर आणि बूमरँगही निबंधांतच राहिले.

बाजारात जिंकला तो सायरन. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या डिफसर्व्हमध्ये प्रत्येक पॅकेटाच्या कपाळावर सहा बिटांची खूण असते. खुणेचा आकडा पाहून राउटर ते पॅकेट योग्य त्या रांगेत टाकतो. लक्षात काही ठेवायचं नाही, कोणाला काही विचारायचं नाही. तातडीच्या आवाजाची खूण आहे ४६. योगायोग असा, की पॅकेट आरएसव्हीपीचं आहे हे सांगणारा प्रोटोकॉल क्रमांकही ४६ च आहे. एक ४६ आधी विचारून मग बोलायला लागतो, दुसरा आपण महत्त्वाचे आहोत एवढंच सांगून मोकळा होतो. आणि जो विचारत नाही, त्याला नाही तरी कसं म्हणणार? हिंजवडीच्या त्या संध्याकाळी सव्वीसही कॉलच्या कपाळावर ४६ होतं.

त्या सेंटरमध्ये मग जगात बहुतेकांनी काढला तोच मार्ग तिनं काढला. कॉल जोडणाऱ्या सर्व्हरला सांगून ठेवलं, की पुण्याच्या या लाइनवर एका वेळी पंचवीसच कॉल. सव्विसाव्याला ‘थोडा वेळ थांबा’ची धून. उपाय चालला. टीम लीड पुन्हा दारात आला नाही.

मात्र सर्व्हरला पंचवीस हा आकडा माहीत होता, लाइन माहीत नव्हती. हे उघड झालं ३० जानेवारी २००८ ला. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या दोन केबल एकाच दिवशी तुटल्या आणि भारत ते युरोप या वाटेचा मोठा हिस्सा बंद पडला. पश्चिमेकडे जाणारी वाहतूक पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून वळवली गेली. त्या वेळी ती ज्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळत होती, तिथे पर्यायी लाइन निम्म्या क्षमतेची होती. निम्म्या लाइनवर आवाजाच्या वाट्याला बाराच कॉल येतात. सर्व्हर मात्र इमानेइतबारे पंचवीस सोडत राहिला असता. बातमी कळताच ती फोनवर कंपनीच्या एकेका ठिकाणच्या माणसाला गाठून आकडे बदलायला लागली. इथे बारा करा, तिथे आठ करा, कुठे लाइनच मेली आहे तर शून्य. वाट बदलली आहे, हे नेटवर्कला कळलेलं होतं. जागा किती उरली, हेही प्रत्येक राउटरला आपापल्यापुरतं ठाऊक होतं. कॉल सोडणाऱ्यापर्यंत ते पोचवणारा निरोप तेवढा नव्हता. आरएसव्हीपीचा पाथ दर अर्ध्या मिनिटाला जी वाट असेल त्या वाटेनं जातो. वाट बदलली, की पुढची विचारणा आपोआप नव्या राउटरांकडे होते. टेस्ट बेंचवर हजारदा पाहिलेली ही गोष्ट त्या रात्री तिला हवी होती आणि हाताशी नव्हती.

समुद्रातल्या केबल रोज तुटत नाहीत. पुण्यात फायबर तोडायला जेसीबी पुरतो. वाकड, बाणेर, हिंजवडीकडे रस्तारुंदी, ड्रेनेज, पाण्याची लाइन, मग मेट्रो, असं काही ना काही खोदकाम चाललेलंच असतं. फायबर जोडणारे लोक स्प्लायसिंग मशीन घेऊन रस्त्याच्या कडेला, पावसात छत्री धरून केसाएवढे तंतू जुळवतात, तोवर वाहतूक दुसऱ्या वाटेनं जाते. त्या वाटेवर जागा किती, हा प्रश्न मग तिच्याकडे येतो.

असं असूनही इंटरनेटनं आरक्षण का स्वीकारलं नाही, हे ती नव्या लोकांना प्रामाणिकपणे सांगते. एक तर बँडविड्थ स्वस्त होत गेली आणि अडचण आली, की लाइन वाढवणं हा सोपा उपाय झाला. दुसरं म्हणजे पुण्यातल्या कॉलची वाट चार-पाच कंपन्यांच्या नेटवर्कमधून जाते. एकानं दुसऱ्याच्या ग्राहकासाठी जागा का अडवावी आणि पैसे कोणी कोणाला द्यावेत, हे कधी ठरलं नाही. तिसरं कारण तिला सगळ्यात मोलाचं वाटतं. अ‍ॅप्लिकेशनंच समजूतदार झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये प्रमाणित झालेला ओपस हा कोडेक ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही चालतो. जागा कमी पडली, की तो आवाजाचा दर्जा उतरवून स्वतःला आखडून घेतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे सिद्ध झालं. हिंजवडीतली माणसं कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, बारामतीच्या वाड्यात, लातूरजवळच्या शेतघरात बसून काम करू लागली. घरच्या ब्रॉडबँडवर ४६ च्या खुणेला कोणी विचारत नाही. कुठल्याही राउटरनं कुठलीही जागा राखली नव्हती, तरी मीटिंगा झाल्या. चित्र अडकायचं, मग कॅमेरे बंद व्हायचे, आवाज चालू राहायचा. आरक्षणावर जीव असलेल्या तिनं त्या महिन्यांत या जुळवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरचं मनापासून कौतुक केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये लिनक्सच्या कर्नलमधून आरएसव्हीपीचा क्लासिफायर काढून टाकला गेला, कारण तो वापरणारं कोणी उरलं नव्हतं. तिच्या जुन्या पीसींवर त्यानंच काम केलं होतं.

गंमत अशी, की इंटरनेटनं नाकारलेलं आरक्षण आता जवळजवळ प्रत्येक पुणेकराच्या खिशात आहे. व्होल्टीचा कॉल लावला, की रिंग वाजेपर्यंतच्या त्या क्षणभरात मोबाइल कंपनीचं नेटवर्क त्या कॉलसाठी वेगळा ‘बेअरर’ मागतं. टॉवर आपल्याकडे जागा आहे का ते बघतो. असेल तर ठरावीक दर राखून देतो, फोनपासून कंपनीच्या नेटवर्कच्या गाभ्यापर्यंतची दिरंगाई १०० मिलिसेकंदांत राहील असं पाहिलं जातं, आणि कॉल संपला की जागा मोकळी करतो. नसेल तर नाही म्हणतो. त्याच फोनवरून केलेल्या व्हॉट्सअ‍ॅप कॉलला यातलं काही मिळत नाही, तो गर्दीतून आपली वाट काढतो. मोबाइलवर हे जमलं, कारण टॉवरपासून गाभ्यापर्यंतचं नेटवर्क एकाच कंपनीच्या हाती असतं आणि जागा कोणी कोणासाठी अडवायची हा वाद उरत नाही. मोठ्या कंपन्यांच्या एमपीएलएस नेटवर्कच्या गाभ्यातही आरएसव्हीपीचं २००१ चं टीई, म्हणजे ट्रॅफिक इंजिनिअरिंगचं, रूप अजून राबतं आहे. तिथे ते एकेका कॉलसाठी जागा राखत नाही, शहराशहरांतल्या जाड वाटा राखतं.

सध्या ती ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलामुलींना शिकवते. बँडविड्थ किती घ्यायची, हे तिचे विद्यार्थी दोन दिवसांत शिकतात. ती त्यांच्याकडून आणखी एक तक्ता करून घेते. ऑफिसातलं प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन डाव्या बाजूला आणि पुढे चार रकाने: जागा नसली तर ते आखडतं, थांबतं, नाही म्हणतं, की सगळ्यांना घेऊन बुडतं? रात्रीचा बॅकअप थांबतो. व्हिडिओ मीटिंग आखडते. जुन्या डेस्क फोनची ओळ आली, की ती त्यांना राउटरसमोर बसवते, क्यू भरायला लावते आणि ड्रॉप्सचा आकडा वाढताना बघायला लावते. या वर्षीच्या तुकडीतल्या एका मुलीनं त्या तक्त्याला पाचवा रकाना जोडला: नकार मिळाला तर तो का मिळाला, हे वापरणाऱ्याला कळतं का? तक्ता भरून झाला, तेव्हा तो रकाना बहुतेक ओळींत कोरा होता. नव्या लाइनच्या टेंडरचा मसुदा तिच्या टेबलावर होताच. पुरवठादारांसाठीच्या प्रश्नांत तिनं हा प्रश्नही घातला आहे आणि आता उत्तरांची वाट पाहते आहे.